जुन्या लोडरची जाम पिन : आधी आधार, मग घण



ऊसविकास खात्याचा माणूस बेणे, खत, पाणी सोडून लोडरच्या पिनेवर का लिहायला बसला, असे कुणाच्याही मनात येईल. कारण साधे आहे. लागणीआधी एकरी दहा टनांच्या आसपास शेणखत किंवा कंपोस्ट रानात पडावे, हे आम्हीच तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. पाटीने खत भरणारी माणसे आता मिळेनात. म्हणून कुणी एकट्याने, कुणी भावाभावांत मिळून जुना लोडर घेतला. खत भरायला, गोठा काढायला, प्रेसमडचा ढीग हलवायला हे यंत्र फार कामाचे. पण जुने यंत्र घरी आले की त्याची जुनी दुखणीही बरोबर येतात. त्यांतले सगळ्यांत चिवट दुखणे म्हणजे जाम झालेली पिन.

पावसाळ्यात यंत्र उभे असते तेव्हा दुरुस्ती निघते. मग दोन दिवस घण चालतो, पिनेचे डोके फुलते, कान वाकतो आणि शेवटी गॅस कटर येतो. शंभरदा ग्रीस मारायला जेवढा खर्च आला नसता त्याच्या कितीतरी पट खर्च एका पिनेपायी होतो. हा झाला पैशाचा हिशेब. त्याहून मोठा हिशेब जिवाचा आहे, कारण ही पिन काढताना माणूस बहुतेक वेळा उचललेल्या आर्मच्या खाली किंवा शेजारी असतो. म्हणून वर्कशॉपातल्या फिटर मंडळींकडून आम्ही जे पाहिले आणि शिकलो, ते इथे क्रमाने देत आहोत.

हे यंत्र कुठले?

आपल्याकडे ज्याला सरसकट 'बॉबकॅट' म्हणतात तो स्किड स्टिअर लोडर मुळात शेतकऱ्याच्याच गरजेतून निघाला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे या गावी सिरिल आणि लुई केलर या दोघा भावांचे लोहारकामाचे दुकान होते. एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला कोंबडखान्यातली घाण काढायला अडचणीच्या जागेत वळणारे यंत्र हवे होते. केलर बंधूंनी १९५७ साली तीन चाकांचे यंत्र करून दिले. पुढे नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने ते हाती घेतले, १९६० साली चार चाकांचे केले आणि १९६२ पासून त्याला बॉबकॅट हे नाव पडले. चाकांना स्टिअरिंग नाही. एका बाजूची चाके जोरात आणि दुसऱ्या बाजूची हळू फिरवून ते जागच्या जागी वळते.

थोडक्यात, शेणखत काढण्यासाठीच जन्मलेले हे यंत्र. पण ज्या घाणीत ते काम करते तीच घाण त्याच्या पिना खाते. शेणात आणि कोंबडखतात ओल, अमोनिया आणि क्षार असतात. प्रेसमडवर स्पेंटवॉश फवारून जिथे कंपोस्ट करतात तिथे तर कच्चा स्पेंटवॉश आम्लधर्मी असतो आणि त्यात पालाशाचे क्षार भरपूर असतात. असल्या यार्डात राबलेला लोडर वरून रंगवून विकायला आला, तरी आतली पिन काय अवस्थेत आहे ते रंगावरून कळत नाही.

पिन धरते म्हणजे काय होते?

आर्म, सिलिंडर, बकेटची प्लेट हे सगळे भाग पिनांवर फिरतात. पिन दोन बाजूंच्या कानांत पक्की बसवलेली असते. एका टोकाला पत्ती आणि बोल्ट असतो, म्हणजे पिन कानात फिरू नये. मधल्या भागात बुश असतो. फिरायचे ते बुशने, पिनेने नव्हे. पिन आणि बुश यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर हवा.

ग्रीस बंद झाले, निप्पल बुजले किंवा आतले ग्रीस सुकून दगड झाले, की पाणी आत शिरते आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, दुपटीपासून सहा पटीपर्यंत. बुशच्या आत जागा तर वाढत नाही. म्हणून गंज पाचरीसारखा चारी बाजूंनी आवळत जातो. यालाच आपण पिन 'धरली' म्हणतो.

आणि पिन धरली म्हणून यंत्र लगेच थांबत नाही, हीच खरी गोम आहे. हायड्रॉलिकला ताकद भरपूर. बुशमध्ये अडकलेली पिन मग बुशबरोबर कानात फिरू लागते. पत्तीचा बोल्ट तुटतो. पिन कानाचे भोक खात जाते आणि गोल भोक लांबट होते. पन्नास मिलिमीटरच्या पिनेचे दुखणे आता सगळ्या आर्मचे झाले. काही जण यावर उपाय म्हणून पिन कानाला वेल्ड करून टाकतात. त्याने आजची वेळ निभते, पण पुढच्या वर्षी ती पिन काढणाऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात.

यासाठी रोज यंत्र सुरू करण्याआधी एक नजर टाका. कानाशी पिनेच्या डोक्याभोवती घासलेली चकचकीत रेघ दिसली, तांबडी भुकटी गळत असली किंवा पत्ती वाकली असली, तर पिन कानात फिरते आहे असे समजावे. जुना लोडर विकत घेतानाही हेच पाहावे. रंग कितीही नवा असो, निप्पलच्या तोंडाशी ताजे ग्रीस दिसले पाहिजे.

चारांपैकी कोणते दुखणे?

घण उचलण्याआधी पिन कशामुळे अडकली हे ठरवा. कारणे चारच असतात.

१) भार : पिन गंजलेली नसते, पण आर्मचे किंवा सिलिंडरचे वजन तिच्यावर तिरके बसलेले असते. भार हलवला की ती हाताने सरकते.

२) अडथळा : पत्तीचा बोल्ट तुटून त्याचा तुकडा आत राहिलेला असतो, सर्कलिप रंगाखाली दडलेली असते किंवा मागच्या कुणीतरी वेल्डचा ठिपका मारून ठेवलेला असतो.

३) आकार : पिन मध्ये झिजून तिला पायरी पडलेली असते, ती वाकलेली असते, नाहीतर आधीच्या घणाने तिचे डोके फुललेले असते. अशी पिन ज्या बाजूने फुगली त्या बाजूने भोकातून जाणारच नाही.

४) गंज : वरची तिन्ही कारणे नाहीत आणि तरी पिन हलत नाही, तर गंज.

पहिल्या तीन कारणांवर घण चालवला तर नुकसानच होते. चौथ्यावरही घणाची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

आधी आधार

हा भाग घाईत वाचू नका.

या यंत्रात चालक पुढून, बकेटवरून आत चढतो. दोन्ही आर्म त्याच्या दोन्ही अंगांना असतात. म्हणून आर्म वर असताना आत-बाहेर करणारा आणि खाली काम करणारा माणूस थेट त्याच्या टप्प्यात येतो. अमेरिकेतल्या नॉयश या कामगार-सुरक्षा संस्थेने १९९८ साली खास या यंत्रापासून होणाऱ्या मृत्यू आणि इजांबद्दल इशारा-पत्रक काढले होते, ते उगाच नव्हे. हायड्रॉलिकवर उभा असलेला आर्म म्हणजे तेलावर उभा असलेला आर्म. पाईप फुटला, सील गेला, कुणी लिव्हरला धक्का दिला, की शेकडो किलो वजन डोळे मिटायच्या आत खाली येते. आणि पिन काढणे म्हणजे तर त्या आर्मचा सांधाच सोडवणे.

सबब पुढील गोष्टी झाल्याशिवाय कुणीही हात लावू नये :

यंत्र सपाट, कडक जमिनीवर घ्या. चाकांना ओठंगण लावा. बकेट काढून बाजूला ठेवा.

शक्य असेल तर आर्म पूर्ण खाली ठेवूनच काम करा. वर ठेवणे भागच असेल तर कंपनीचा आर्म-सपोर्ट लावा. तो नसेल तर दोन्ही आर्मखाली मजबूत लोखंडी घोड्या किंवा लाकडी स्लीपरची आडवी-उभी रचलेली थप्पी द्या. विटा, दगड, ट्रॉलीचा टायर हे आधार नव्हेत. नुसता हायड्रॉलिक जॅकही आधार नव्हे. जॅकने उचला, पण वजन घोडीवर सोडा.

इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, बॅटरीची तार सोडा. लिव्हर पुढे-मागे हलवून किंवा यंत्राच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे तेलाचा दाब उतरवा. या तेलाचा दाब दर चौरस इंचाला दोन-तीन हजार पौंड असतो. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. सुईएवढ्या भोकातून तेल कातडीत शिरले तर सुरुवातीला दुखतही नाही, पण तो हात गमवायची वेळ येऊ शकते. तसे झाले तर घरी न थांबता सर्जनकडे जावे.

ज्या सिलिंडरची पिन काढायची त्या सिलिंडरलाही चेन ब्लॉकने किंवा पट्ट्याने वेगळे टांगून ठेवा. पिन सुटताच तो खाली येणार हे गृहीत धरा.

काढण्याचा क्रम

पहिले काम सफाईचे. दोन्ही टोकांची माती, ग्रीस आणि रंग खरवडून लखलखीत लोखंड दिसू द्या. पत्ती आणि बोल्ट काढा. तुटका तुकडा, सर्कलिप, वेल्डचा ठिपका शोधा. डोके फुलले असेल तर ग्राइंडरने काठ घासून उतरते करा. या अर्ध्या तासाने पुढचे दोन दिवस वाचतात.

दुसरे, भार उतरवा. पिनेखालचा भाग जॅकने अगदी केसभर वर घ्या, केसभर खाली सोडा आणि प्रत्येक वेळी पिनेवर हलका ठोका मारून आवाज ऐका. भाराखाली दबलेली पिन बद्द वाजते, मोकळी झाली की आवाज बदलतो. जाम म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी पिना इथेच निघतात.

तिसरे, तेल आणि वेळ. जुना निप्पल काढून भोक तारेने साफ करा. त्यातून आणि दोन्ही टोकांनी गंज सोडवणारे तेल घाला. वर्कशॉपात पॉवर स्टिअरिंगचे लाल तेल आणि अॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. ते पातळ असल्याने फटीत चांगले शिरते, मात्र दर वेळी हलवून घ्यावे लागते. ते अतिशय ज्वालाग्राही आहे, विडी-काडी लांब ठेवा. पिन आडवी असते आणि तेल वाहून जाते. म्हणून टोकाभोवती पुट्टीची पाळ करून तेल साठवावे. संध्याकाळी तेल, सकाळी तेल, मध्येमध्ये हलके ठोके, असे दोन दिवस जाऊ द्या. ठोक्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून आत जाते. यात कष्ट नाहीत, फक्त धीर लागतो, आणि नेमका तोच आपण दाखवत नाही.

चौथे, आधी फिरवा आणि मग ओढा. डोक्याला मोठा पाईप पाना लावा किंवा टोकावर आडवी पट्टी वेल्ड करून टॉमीसारखी वापरा. पिन सुतभर जरी पुढे-मागे फिरली तरी गंजाची पकड मोडली असे समजा. तेल घालत फिरवत राहा.

पाचवे, ओढणे. ठोकण्यापेक्षा ओढणे केव्हाही बरे. ठोकल्याने पिन आखूड होते आणि फुगते, म्हणजे भोकात जास्तच घट्ट बसते. ओढल्याने तसे होत नाही. पिनेच्या टोकाला भोक पाडून आटे घाला, त्यात रॉड बसवा, वरून जाड पाईपचा तुकडा आणि जाड प्लेट ठेवून नट आवळा. पाईपचा आतला व्यास पिनेपेक्षा मोठा हवा आणि त्याचा टेकू कानाच्या पातळ काठावर नव्हे, तर बुशभोवतीच्या जाड भागावर हवा. रॉड मात्र पारखून घ्या. बाजारातला साधा २० मिलिमीटरचा आट्याचा रॉड सात-आठ टनांतच ताणतो. ८.८ ग्रेडचा रॉड साधारण पंधरा टन सोसतो. पोकळ जॅक मिळाला तर काम आणखी सोपे. ताण दिला की थांबा, डोक्यावर एक ठोका द्या, पुन्हा ताण द्या. रॉडच्या सरळ रेषेत पुढे कुणीही उभे राहू नये. रॉड तुटला तर तो गोळीसारखा सुटतो.

ठोकायचेच असेल तर पिनेहून थोडा बारीक, मऊ लोखंडाचा किंवा पितळेचा पंच घ्या. पंचाला लांब दांडी वेल्ड करा, म्हणजे धरणाऱ्याचा हात घणाच्या वाटेत येणार नाही. पिनेचे कवच कडक केलेले असते. त्यावर थेट घण मारला तर कपची उडते आणि डोळा जातो. गॉगल दोघांनाही हवा, घण मारणाऱ्याला आणि धरणाऱ्यालाही. पाच-सात किलोच्या घणाचा एक नेमका घाव हा लहान हातोडीच्या पन्नास घावांपेक्षा चांगला. पलीकडच्या कानाला मागून भक्कम टेकू दिलेला असावा, नाहीतर घावाची ताकद कान हलवण्यातच जाते.

सहावे, शेक. तेलाने आणि ओढण्याने भागले नाही तरच गॅस घ्या. तापवायचा तो बाहेरचा भाग, पिन नव्हे. पन्नास मिलिमीटरचे भोक आजूबाजूच्यापेक्षा दोनशे अंश जास्त तापले तर ते सुमारे बारा-शतांश मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला थोडे वाटते, पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुरते. लोखंड लाल करायचे नाही. चारी बाजूंनी सारखे फिरवत तापवा आणि लगेच ओढा. जागा थोडी निवाली की टोकाशी मेणबत्ती टेकवा, वितळलेले मेण फटीत ओढले जाते. वरून पाणी ओतून कान थंड करू नका, वेल्डजवळ तडा जाऊ शकतो.

शेक देण्याआधी चार गोष्टी : निप्पल काढलेला हवा, नाहीतर आत कोंडलेले ग्रीस तापून फुटते. सिलिंडरचे पाईप सोडून तोंडे उघडी ठेवा. तेल कोंडलेल्या सिलिंडरला ज्योत लावणे म्हणजे बॉम्बशी खेळणे. अॅसिटोनचे तेल पूर्ण पुसून, वाळवून घ्या. आणि यंत्राच्या पोटात साठलेले पाचट, बगॅस, तेलकट चिखल आधी काढा. आग सहसा तिथेच लागते. वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असू द्या.

इतके करूनही पिन बधत नसेल तर ती जगवण्याचा नाद सोडा. कान आणि बुश यांच्या फटीतून पिन कापून तिचे तीन तुकडे करावेत, किंवा मधोमध भोक पाडून ते मोठे करत न्यावे. आतला भाग मऊ असतो. तो निघाला की कडक कवच सैल पडते. हे काम सराव असलेल्या फिटरकडूनच करून घ्यावे. पिन बाजारात मिळते, आर्म मिळत नाही. म्हणून बळी द्यायचा तर पिनेचा, कानाचा नव्हे.

नवी पिन बसवताना

जुनी पिन साफ करून परत घालू नका. तिच्यावर गंजाचे खड्डे असतात आणि ते नव्या बुशला किसणीसारखे खातात. लेथवर पिन करून घेणार असाल तर साध्या सळईची नको. ईएन-८ किंवा त्याहून चांगल्या पोलादाची, कवच कडक केलेली हवी. बुश नवा घ्या. कानाचे भोक लांबट झाले असेल तर ते भरून, दोन्ही कान एका रेषेत बोअरिंग करून घ्या. एक कान आज आणि एक उद्या असे केले तर रेषा चुकते आणि नवी पिन वर्षात धरते.

बसवण्याआधी ग्रीसची वाट पिनेतून बुशपर्यंत मोकळी आहे का ते गन मारून पाहा. बाजूच्या फटीला योग्य जाडीचे वॉशर द्या. पत्तीला नवा बोल्ट लावा. मग आतले जुने ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन चालवा.

त्यानंतरचा नियम एकच : कामाच्या दर आठ-दहा तासांनी, म्हणजे रोज, प्रत्येक निप्पलला ग्रीस. खताच्या यार्डात काम झाले असेल तर संध्याकाळी यंत्र धुवा आणि धुतल्यावर ग्रीस मारा, म्हणजे शिरलेले पाणी बाहेर पडेल. निप्पल ग्रीस घेत नसेल तर 'उद्या बघू' म्हणू नका. ग्रीस न घेणारे निप्पल ही पिन धरण्याची पहिली नोटीस आहे. पावसाळ्यात यंत्र उभे करण्याआधी सगळ्या सांध्यांना ग्रीस भरावे आणि पंधरवड्यातून एकदा यंत्र सुरू करून आर्म हलवावा.

हे सारे फक्त बॉबकॅटपुरते नाही. जेसीबी, ऊस भरायचा ग्रॅब लोडर, ट्रॅक्टरचा पुढचा लोडर, ट्रॉलीचा टिपिंग जॅक, सगळीकडे पिन आणि बुश हाच संसार आहे. गळीत हंगाम तोंडावर आला की फिटर आणि लेथवाले यांच्या दारात रांग लागते. म्हणून पोळ्याच्या आतच प्रत्येक सांधा तपासून घ्या. घाईची दुरुस्ती दसऱ्यानंतर निघते आणि अपघात घाईतच होतात.

यंत्र ज्याच्या हाती देता त्या चालकाला आणि मदतीच्या पोरालाही हा मजकूर वाचून दाखवा. मालक खुर्चीत बसलेला असतो, आर्मखाली वाकलेला असतो तो बहुधा दुसऱ्याचाच मुलगा. "दादा, ठोकळा लावल्याशिवाय मी खाली जाणार नाही," असे त्याने म्हटले तर त्याच्यावर डाफरू नका. त्या दिवशी तुमच्या वस्तीवर सगळ्यांत शहाणा माणूस तोच आहे.